अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा: एका सरासरीची उलटतपासणी

सकाळी मूल कुरकुरतच उठतं. आई कपाळाला हात लावून पाहते, तर अंग जरा गरम लागतं. थर्मामीटर लावल्यावर आकडा येतो ९९.१. लगेच घरात दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, ताप आहे, आज शाळा नको. दुसऱ्याचं म्हणणं, ताप कसला, नुसती कसर आहे. वाद कितीही रंगला तरी दोन्ही बाजू ज्याच्याकडे बोट दाखवतात तो आकडा एकच असतो: ९८.६. काचेच्या जुन्या थर्मामीटरवर त्याच्यापाशी बाण असायचा. पारा बाणाच्या पुढे गेला की ताप आणि अलीकडे राहिला की नॉर्मल, इतका सरळ हिशेब होता.

१९९२ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात तीन संशोधकांनी या आकड्याचीच झडती घेतली. निरोगी माणसाच्या शरीराचं सरासरी तापमान ९८.६ अंश फॅरनहाइट असतं, हा दावा त्यांनी तपासला आणि तो टिकत नाही असं लिहिलं. मूळ दावा सुमारे २५ हजार रुग्णांच्या नोंदींवर उभा होता. त्याला आव्हान देणाऱ्या अभ्यासात माणसं होती फक्त १४८.

पंचवीस हजारांपुढे दीडशेंचा शब्द भारी कसा ठरतो? याचं उत्तर संख्याशास्त्रातल्या एका पद्धतीत आहे. तिचं नाव परिकल्पना चाचणी. एखाद्या सरासरीबद्दल कुणी छातीठोक दावा केला, की मोजक्या नोंदी हाती घेऊन तो दावा कसा पारखायचा, हे ती शिकवते.

आकडा आला कुठून?

कार्ल राइनहोल्ड ऑगस्ट वुंडरलिश हे जर्मनीतल्या लाइपझिगच्या रुग्णालयात वैद्यकाचे प्राध्यापक होते. ताप हाच एक आजार, असं त्या काळी मानलं जाई. वुंडरलिश यांनी रुग्णांच्या तापमानाच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या, वेगवेगळ्या आजारांत ताप कसा चढतो-उतरतो याचे तक्ते मांडले आणि ताप हे आजाराचं लक्षण आहे, हे डॉक्टरांच्या गळी उतरवलं. १८६८ साली त्यांचा या विषयावरचा ग्रंथ आला. त्यामागे सुमारे २५ हजार रुग्णांच्या नोंदी होत्या, आणि एकूण नोंदी दहा लाखांच्या घरात असल्याचं सांगितलं जातं.

हे काम चिकाटीचं होतं. तेव्हाचा थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब असे, तो काखेत धरावा लागे आणि आकडा स्थिर व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागत. या नोंदींतून वुंडरलिश यांनी निरोगी शरीराचं सरासरी तापमान ३७ अंश सेल्सिअस असं मांडलं. बायकांचं तापमान पुरुषांपेक्षा किंचित जास्त असतं आणि दिवसभरात ते खाली-वर होतं, हेही त्यांनी नोंदवलं होतं. पण बारकावे मागे पडले आणि ३७ तेवढा लोकांच्या लक्षात राहिला.

पुढे ३७ चं फॅरनहाइटमध्ये रूपांतर झालं. ३७ ला ९ ने गुणून ५ ने भागलं आणि त्यात ३२ मिळवले की ९८.६ येतात. ३७ हा गोल आकडा होता. ९८.६ मात्र दशांश चिन्हामुळे फार काटेकोर वाटतो, जणू कुणी एकदशांश अंशापर्यंत मोजूनच तो ठरवला असावा. हा काटेकोरपणा मोजमापातून आलेला नव्हता, तो गुणाकार-भागाकारातून आला होता.

बाल्टिमोरचे १४८

मेरीलँड विद्यापीठातले फिलिप मॅकोविएक, स्टीव्हन वॉसरमन आणि मायरन लेव्हाइन यांच्या हाती चांगली सामग्री होती. लसींच्या चाचण्यांसाठी आलेल्या १८ ते ४० वर्षं वयाच्या निरोगी स्त्री-पुरुषांचं तापमान दिवसातून अनेकदा तोंडात थर्मामीटर ठेवून घेतलं जात होतं. अशा ७०० नोंदी त्यांनी तपासल्या. सरासरी आली ३६.८ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.२ फॅरनहाइट. बरोबर ९८.६ अंश तापमान ७०० पैकी अवघ्या ५६ नोंदींत सापडलं, म्हणजे शंभरात आठ.

इथे कुणीही रोखठोक वाचक हात वर करील. सरासरी ९८.६ ऐवजी ९८.२ आली, म्हणून काय बिघडलं? दुसरे १४८ जण घेतले असते तर कदाचित ९८.५ आली असती, तिसऱ्या गटात ९८.७. थोडा फरक तर पडणारच. हा फरक निव्वळ योगायोगाचा नाही, हे कशावरून?

शंका रास्त आहे, आणि परिकल्पना चाचणीची सुरुवात याच शंकेपासून होते. नमुन्याची सरासरी दाव्याशी तंतोतंत जुळली नाही तर त्यात नवल नाही. प्रश्न एवढाच असतो की हा फरक योगायोगाच्या आवाक्यातला आहे की त्याच्या बाहेरचा.

शितावरून भात, पण कधी?

शितावरून भाताची परीक्षा करताना पातेलं पावशेर तांदळाचं आहे की लग्नाच्या पंगतीचं, याने काही बिघडत नाही. चार शितं दोन्हीकडे सारखीच पुरतात. अट एकच, भात वरखाली केलेला हवा. वरवरचीच शितं उचलली तर तळाला लागलेला भात कळत नाही, मग वरची वाटीभर शितं चाखली तरी उपयोग नाही.

माणसांच्या नमुन्यालाही हेच लागू होतं. लोकसंख्या किती मोठी आहे, याने फारसं काही ठरत नाही. नमुना कसा उचलला आणि तो किती मोठा आहे, यावर सगळं अवलंबून असतं. वुंडरलिश यांची २५ हजार माणसं मुख्यतः रुग्णालयातली होती, त्यामुळे निरोगी माणसाबद्दल बोलताना त्या मोठ्या संख्येचा दबदबा निम्मा होतो.

आता नमुन्याच्या आकाराकडे वळू. त्यासाठी आधी एक माप लागतं: माणसामाणसांत फरक किती आहे? सगळ्यांचं तापमान अगदी सारखं असतं, तर एकाच माणसाला मोजून भागलं असतं. ते तसं नसतं. नोंदी सरासरीपासून साधारण किती लांब पसरल्या आहेत हे सांगणाऱ्या मापाला प्रमाण विचलन म्हणतात.

बाल्टिमोरच्या शोधनिबंधातल्या आलेखांच्या आधारे १९९६ साली ॲलन शूमेकर या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी १३० नोंदींचा एक संच तयार केला. त्यात ६५ पुरुष होते आणि ६५ स्त्रिया. जगभरच्या संख्याशास्त्राच्या वर्गांत तो आजही वापरला जातो. या संचाची सरासरी आहे ९८.२५ आणि प्रमाण विचलन ०.७३ अंश. म्हणजे ढोबळमानाने तीनपैकी दोन नोंदी ९७.५ ते ९९ च्या दरम्यान येतात. एखाद्या माणसाचं तापमान बरोबर ९८.६ असणं यात काहीच वावगं नाही.

पण दावा एका माणसाबद्दल नव्हता, सरासरीबद्दल होता. सरासरी एकट्या नोंदीइतकी डळमळत नाही. एकाचं तापमान जास्त, दुसऱ्याचं कमी, असे चढउतार एकमेकांना खाऊन टाकतात. नोंदी वाढतात तशी सरासरी स्थिरावत जाते. मात्र ती नोंदींच्या संख्येच्या प्रमाणात स्थिरावत नाही, संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात स्थिरावते. नोंदी चौपट केल्या की सरासरीचं डळमळणं निम्मं होतं, शंभरपट केल्या की दहावा हिस्सा उरतं.

हिशेब सोपा आहे. १३० चं वर्गमूळ सुमारे ११.४. प्रमाण विचलन ०.७३ ला ११.४ ने भागलं की उरतं ०.०६४ अंश. या आकड्याला सरासरीची प्रमाण त्रुटी म्हणतात. इथे कुणी चूक केली आहे असा त्रुटी या शब्दाचा अर्थ नाही. १३० नोंदींचे असे अनेक नमुने घेतले तर त्यांच्या सरासऱ्या खऱ्या सरासरीच्या आसपास साधारण किती अंतरावर विखुरतील, हे तो आकडा सांगतो.

दावा खरा धरून चाला

आता पद्धतीतली सगळ्यात चतुर चाल येते. दावा खोडायचा आहे, म्हणून सुरुवातीला तो खराच धरायचा.

समजा, निरोगी माणसांच्या तापमानाची खरी सरासरी ९८.६ हीच आहे. या गृहीतकाला शून्य परिकल्पना म्हणतात, कारण दावा आणि वस्तुस्थिती यांत फरक शून्य आहे असं ती म्हणते. तिच्यासमोर उभी असते पर्यायी परिकल्पना: खरी सरासरी ९८.६ नाही. ती कमी असेल किंवा जास्त, दोन्ही दारं उघडी ठेवायची. आकडे पाहून झाल्यावर सोयीचं दार निवडणं ही लबाडी ठरते.

शून्य परिकल्पना खरी असती तर काय दिसलं असतं? १३० नोंदींच्या नमुन्याची सरासरी ९८.६ च्या आगेमागे प्रमाण त्रुटीच्या साधारण दुप्पट अंतरात, म्हणजे ०.१३ अंशाच्या आत राहिली असती. असे शंभर नमुने घेतले असते तर त्यांतल्या ९५ च्या आसपास नमुन्यांची सरासरी ९८.४७ आणि ९८.७३ यांच्या मध्ये पडली असती.

प्रत्यक्षात ती पडली ९८.२५ वर.

दाव्यापासूनचं हे अंतर ०.३५ अंश आहे. ऐकायला किरकोळ वाटतं. पण अंशांत मोजायचं सोडून तेच अंतर प्रमाण त्रुटीच्या मापाने मोजलं, तर ते जवळजवळ साडेपाच पट भरतं. साधारण दोन पटींच्या आत असतं तर योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. साडेपाच पट अंतर योगायोगाने पडण्याची शक्यता हिशेबाने येते एक कोटीत दोन ते तीन. या शक्यतेला पी-मूल्य म्हणतात: दावा खरा असता, तर इतका किंवा याहून मोठा फरक केवळ नमुन्याच्या लहरीने दिसण्याची शक्यता.

इथे दोनच वाटा उरतात. एक तर कोटीत दोन-तीनदा घडणारी गोष्ट नेमकी याच नमुन्यात घडली, नाहीतर सुरुवातीचं गृहीतकच चुकीचं आहे. संख्याशास्त्र दुसरी वाट धरतं आणि शून्य परिकल्पना फेटाळतं. पंचवीस हजारांसमोर दीडशे कसे उभे राहिले याचा उलगडा इथे होतो. फरक योगायोगाच्या आवाक्याबाहेर आहे हे दाखवायला लाखो नोंदी लागत नाहीत, नोंदींचा पसारा आणि सरासरीचं डळमळणं मोजता आलं की पुरे.

दहाच माणसं असती तर?

समजा, तितक्याच पसाऱ्याची, पण फक्त दहा माणसं मोजली असती आणि सरासरी पुन्हा ९८.२५ च आली असती. दहाचं वर्गमूळ ३.१६. प्रमाण त्रुटी ०.२३ अंशावर जाते आणि ०.३५ अंशाचं तेच अंतर आता दीड पटच भरतं. असा फरक योगायोगाने शंभरात सोळा वेळा दिसू शकतो. दावा फेटाळायला हा पुरावा फारच तोकडा आहे. अंतर तेच, पण निकाल उलटा लागतो.

लहान नमुन्यांची आणखी एक अडचण असते. नोंदी मोजक्या असल्या की सरासरीबरोबर प्रमाण विचलनाचा अंदाजही डळमळतो, आणि नेहमीचं गणित फसवं निघतं. ही अडचण सोडवली ती बिअरच्या कारखान्याने पोसलेल्या एका माणसाने. विल्यम सीली गॉसेट १८९९ साली डब्लिनच्या गिनेस कंपनीत लागला. बार्ली आणि हॉप्स यांची प्रत तपासताना त्याच्या हाती चार-पाच नोंदींपेक्षा जास्त काही नसे, कारण प्रत्येक प्रयोगाला वेळ आणि पैसा लागे.

गॉसेटने गणित मांडलं आणि ते पडताळायला एक कष्टाचा प्रयोग केला. ३,००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी यांच्या छापील नोंदी उपलब्ध होत्या. त्या त्याने पुठ्ठ्याच्या ३,००० तुकड्यांवर लिहिल्या, तुकडे नीट पिसले आणि चार-चारचे ७५० नमुने काढले. प्रत्येक नमुन्याची सरासरी किती भरकटते ते मोजून त्याने आपलं सूत्र तपासलं. १९०८ साली ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात त्याचा लेख छापून आला. कंपनीच्या नियमामुळे नाव देता येत नव्हतं, म्हणून लेखक म्हणून नाव पडलं ‘स्टुडंट’. सरासरीच्या दाव्यांची ही चाचणी अजून ‘स्टुडंटची टी-चाचणी’ याच नावाने ओळखली जाते.

नमुना लहान असेल तर दावा फेटाळण्याआधी जास्त मोठं अंतर मागायचं, हे तिचं सार आहे. १३० नोंदी असतील तर प्रमाण त्रुटीच्या जेमतेम दुप्पट अंतर चालतं. दहा नोंदींना सव्वादोन पटींपेक्षा थोडं जास्त लागतं आणि चारच नोंदी असतील तर तीन पटींहून जास्त.

रेघ कुठे ओढायची?

एक कोटीत दोन-तीन ही शक्यता इतकी क्षुल्लक आहे की तिथे वादाला जागा नाही. पण शंभरात चार? शंभरात सात? कुठेतरी रेघ ओढावी लागते. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या आपल्या पुस्तकात पाच टक्क्यांची पातळी सोयीची म्हणून सुचवली. तिला सार्थकता पातळी म्हणतात. पाच या आकड्यात निसर्गाचा कुठलाही नियम दडलेला नाही.

यर्झी नेमन आणि एगॉन पिअरसन यांनी पुढे, विशेषतः १९३३ च्या शोधनिबंधात, हा विचार नीट बांधला. निर्णय कसाही घेतला तरी चूक दोन प्रकारे होऊ शकते, असं त्यांनी मांडलं. खरा दावा फेटाळला ही पहिल्या प्रकारची चूक, खोटा दावा तसाच सोडून दिला ही दुसऱ्या प्रकारची. पाच टक्क्यांची रेघ म्हणजे पहिल्या चुकीला दिलेली मर्यादा. ती आणखी कडक केली की पहिली चूक कमी होते, पण तेवढ्याच नोंदींत दुसरी वाढते. दोन्ही एकदम कमी करायच्या तर नोंदी वाढवण्याला पर्याय नाही. फिशर आणि नेमन-पिअरसन या दोन गटांचं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. आज शाळा-कॉलेजांत शिकवली जाणारी चाचणी या दोन्ही घराण्यांची सरमिसळ आहे.

त्याच दशकात सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे फर्ग्युसन कॉलेजात शिकून त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले आणि १९३६ साली तिथून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्यांची गाठ पुढे याच लेखात पुन्हा पडणार आहे.

चौकट: सरासरीच्या दाव्याची चाचणी, पायरीपायरीने

१. दावा नेमक्या आकड्यात लिहा. (सरासरी ९८.६)
२. तो खरा आहे असं धरा. ही शून्य परिकल्पना.
३. नोंदी घेण्याआधीच रेघ ठरवा. (सहसा पाच टक्के)
४. पक्षपात न करता नमुना घ्या. सरासरी आणि प्रमाण विचलन काढा. (९८.२५ आणि ०.७३)
५. प्रमाण विचलनाला नोंदींच्या संख्येच्या वर्गमुळाने भागा. ही प्रमाण त्रुटी. (०.०६४)
६. दावा आणि नमुना यांतलं अंतर प्रमाण त्रुटीच्या किती पट आहे ते पाहा. (सुमारे ५.५ पट)
७. इतकं अंतर योगायोगाने पडण्याची शक्यता ठरवलेल्या रेघेखाली असेल तर दावा फेटाळा. नसेल तर दावा फेटाळण्याइतका पुरावा नाही, एवढंच म्हणा.

निकाल काय सांगत नाही

चौकटीतलं शेवटचं वाक्य फार जण विसरतात. पुरावा अपुरा पडला म्हणजे दावा सिद्ध झाला असं होत नाही. दहा माणसांच्या नमुन्याने ९८.६ ला खोटं पाडता आलं नाही, म्हणून ९८.६ खरं ठरलं नाही. नमुना तोकडा होता, इतकंच.

पी-मूल्याचा अर्थही सर्रास उलटा लावला जातो. पी-मूल्य दोन टक्के आलं की ‘दावा खरा असण्याची शक्यता दोन टक्के’ असं म्हटलं जातं. हे चूक आहे. दावा खरा धरला तर असा नमुना किती विरळा, हे पी-मूल्य सांगतं. दावा स्वतः किती खरा, हे ते सांगत नाही. हा गोंधळ इतका पसरला की अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ साली खास निवेदन काढून याबद्दल बजावावं लागलं.

तिसरी गफलत मोठ्या नमुन्यांची. २०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ३५,४८८ रुग्णांच्या तापमानाचा अभ्यास आला. त्यात सरासरी ३६.६ अंश सेल्सिअस निघाली. एवढ्या संख्येने माणसं हाताशी असली की प्रमाण त्रुटी जवळजवळ नाहीशी होते. पसारा ०.७३ फॅरनहाइटच धरला तर ती ०.००४ अंशावर येते. मग दाव्यापासून शतांश अंश दूर असलेली सरासरीही पाच टक्क्यांची रेघ सहज ओलांडते. संख्याशास्त्राच्या भाषेत तो फरक सार्थ ठरतो, पण शतांश अंशाने कुणाच्याही औषधात बदल होत नाही. म्हणून चाचणीच्या निकालाबरोबर फरक केवढा आहे, हेही विचारायला हवं. १३० नोंदींचा संच याचं उत्तर असं देतो: खरी सरासरी ९८.१२ ते ९८.३८ च्या दरम्यान असावी, असं ९५ टक्के भरवशाने म्हणता येतं.

नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र असल्या पाहिजेत, हीसुद्धा या गणिताची अट आहे. एकाच माणसाचं तापमान पाच वेळा घेतलं म्हणजे पाच माणसं मोजली असं होत नाही. बाल्टिमोरच्या ७०० नोंदी १४८ जणांच्या होत्या. त्या ७०० वेगळ्या माणसांच्या असल्यासारखा हिशेब केला असता, तर प्रमाण त्रुटी आहे त्यापेक्षा लहान दिसली असती आणि निकाल वाजवीपेक्षा ठाम वाटला असता.

मग वुंडरलिश चुकले का?

चाचणी दावा फेटाळते, पण तो का टिकला नाही ते सांगत नाही. कारण शोधायला वेगळी वाट चालावी लागते.

पहिला संशय उपकरणावर आला. वुंडरलिश यांचा एक थर्मामीटर फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात जपून ठेवला आहे. मॅकोविएक यांनी तो तपासला, तेव्हा तो आजच्या थर्मामीटरपेक्षा दीड ते दोन सेल्सिअस अंशांनी जास्त तापमान दाखवतो असं आढळलं. शिवाय ते काखेत मोजलेलं तापमान होतं आणि बाल्टिमोरचं तोंडात मोजलेलं. एका थर्मामीटरवरून साऱ्या नोंदींचा न्याय करता येत नाही, पण शंकेला जागा नक्कीच होते.

दुसरं उत्तर २०२० साली स्टॅनफर्ड विद्यापीठातून आलं आणि ते जास्त चकित करणारं होतं. ज्युली पार्सोनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन काळांतल्या ६,७७,४२३ नोंदी एकत्र केल्या. त्यांत अमेरिकी यादवी युद्धातल्या उत्तरेकडच्या सैनिकांच्या नोंदी होत्या, १९७१ ते १९७५ मधल्या आरोग्य पाहणीच्या होत्या आणि २००७ ते २०१७ मधल्या स्टॅनफर्डच्या रुग्णांच्या होत्या. जन्माच्या दर दशकागणिक सरासरी तापमान सुमारे ०.०३ अंश सेल्सिअसने उतरत गेल्याचं त्यांना दिसलं. थर्मामीटर सुधारल्यामुळे तसं भासत असेल, हा आक्षेप त्यांनी विचारात घेतला होता. पण यादवी युद्धातल्या सैनिकांच्या गटाच्या आतही नंतर जन्मलेल्यांचं तापमान कमी होतं. क्षय, हिरड्यांचे आजार आणि इतर जुनाट संसर्ग कमी झाल्यामुळे शरीराचा दाह घटला असावा, असा त्यांचा तर्क आहे.

म्हणजे ३७ हा आकडा काही अंशी उपकरणाने वाढवलेला असू शकतो आणि काही अंशी एकोणिसाव्या शतकातल्या शरीरांबद्दल तो खराही असू शकतो. शून्य परिकल्पना फेटाळली गेली, तरी यांतलं कारण कुठलं याचा फैसला तिने केलेला नाही.

सरासरी सगळ्यांची, शरीर एकाचं

सरासरी ९८.२ असेल, तर ९८.२ च्या वर ताप समजायचा का? मुळीच नाही. सरासरी ही साऱ्या गटाची असते, एकेका माणसाची सीमा नसते. बाल्टिमोरच्या संशोधकांनी म्हणूनच नवा जादुई आकडा दिला नाही, मर्यादा दिली. चाळिशीच्या आतल्या निरोगी प्रौढांसाठी पहाटेची वरची मर्यादा ९८.९ आणि एकूण दिवसाची ९९.९ अंश फॅरनहाइट. निरोगी शरीर पहाटे सहाच्या सुमारास सर्वांत थंड असतं आणि दुपारी चार ते सहाच्या दरम्यान सर्वांत गरम. सकाळचा ९९.१ आणि संध्याकाळचा ९९.१ ही एकच गोष्ट नव्हे. आज बहुतेक ठिकाणी १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, यापासून पुढे ताप धरतात.

सरासरीला सीमारेषा मानण्याच्या सवयीवरून पुण्यात एक मोठा वाद झाला होता. गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्याचा अंदाज काढताना दरडोई दररोज २,२५० कॅलरींची गरज आधाराला घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत सांख्यिकीची धुरा सांभाळून आलेले सुखात्मे यांनी त्यावर आक्षेप घेतला. कॅलरींची गरज माणसागणिक बदलते आणि त्याच माणसातही दिवसागणिक बदलते. सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित धरला, तर मुळातच कमी गरज असलेले धडधाकट लोकही त्या यादीत येतात. म्हणून सीमारेषा सरासरीवर नको, सरासरीतून दोन प्रमाण विचलनं वजा करून येणाऱ्या आकड्यावर हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. या रेषेमुळे खरी भूक झाकली जाईल, असा प्रतिवाद त्यांच्या विरोधकांनी केला. वाद वर्षानुवर्षं चालला. सरासरी आणि पसारा या दोन आकड्यांच्या वापरावरून देशात उपाशी किती, याचं उत्तर बदलत होतं.

बाजारातल्या बंद पाकिटांबाबत भारतातल्या वैधमापन नियमांनी ही दोन्ही अंगं सांभाळली आहेत. तपासणीसाठी काढलेल्या नमुन्याची सरासरी पाकिटावर छापलेल्या वजनापेक्षा कमी असून चालत नाही, आणि एकेका पाकिटात किती तूट चालेल यालाही वेगळी मर्यादा आहे. नुसती सरासरी पाहिली असती तर एक पाकीट जड आणि दुसरं हलकं भरूनही सुटका झाली असती.

मोटारसायकलचं सरासरी मायलेज, बॅटरीचा सरासरी बॅकअप, क्लासच्या विद्यार्थ्यांचे सरासरी गुण असे दावे रोज कानावर पडतात. ते तपासायला प्रत्येकाला प्रमाण त्रुटी काढता आलीच पाहिजे असं नाही. असा आकडा समोर आला की तीन गोष्टी मात्र जरूर विचारा. नोंदी किती होत्या, त्या कुणी आणि कशा निवडल्या, आणि त्यांच्यात आपापसांत फरक किती होता? या तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत तो आकडा नुसता दावा म्हणूनच वाचा.